वन्संच्या गच्चीवरचा बूस्टर

आमच्या ह्यांची नोकरी लोकांना समजावून सांगता सांगता माझी तीस वर्षं गेली. हवेतल्या लहरींचे पट्टे सरकार मोबाइल कंपन्यांना वापरायला देतं. त्यात परवान्याशिवाय कोणी लुडबुड केली, की हे हातात अँटेना घेऊन त्याला शोधत फिरतात. माणूस गरीब स्वभावाचा, पण नियम म्हटला की सख्ख्या बापालाही सोडणार नाही, असं मी थट्टेनं म्हणायची.

गेल्या वर्षी एका कंपनीची तक्रार आली. एका वस्तीत फोन लागेनासे झाले होते, टॉवरच्या कानाशी कोणीतरी सतत ओरडत असल्यासारखं. हे दोन दिवस गल्लीबोळांतून फिरले. सिग्नल जिकडे वाढेल तिकडे वळायचं, ही त्यांची पद्धत. तिसऱ्या दिवशी माग संपला तो थेट वन्संच्या दारात.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, ह्यांना वन्संनीच वाढवलं. तळमजल्यावर रेंज नसायची, म्हणून परदेशातल्या लेकीशी बोलता यावं यासाठी त्यांनी बाजारातून रेंज वाढवणारा बूस्टर आणून गच्चीवर बसवून घेतला होता. आणि आमची अक्कल बघा, वर्षभर दर रविवारी आम्ही तिथे चहा पीत होतो. "ताईकडे रेंज काय झकास येते!" असं हेच म्हणायचे!

"काढून टाक नि जा. कोणाला कळणार आहे?" वन्सं म्हणाल्या.

"ताई, हे यंत्र फक्त कंपनीला लावता येतं. मागच्या गल्लीतल्या आजोबांना डॉक्टरांना फोन लागला नाही, माहितीये?"

"आणि माझी पोरगी?"

ह्यांनी गच्चीवर जाऊन बूस्टर उतरवला. पंचनाम्यात त्यांनी बहिणीचं नाव लिहिलं, नातं लिहिलं, वर्षभर आपल्याच नाकाखाली हे चालू होतं तेही लिहिलं. वन्संनी सही केली आणि दार लावून घेतलं. मला ह्यांचा भयंकर राग आला.

वन्संच्या खोलीत रेंज मिळावी म्हणून ह्यांनी कंपनीकडे रीतसर अर्ज केलाय. उत्तर अजून यायचंय. तोवर दर रविवारी आम्ही दोघं तिकडे जातो. आता रेंज येते ती फक्त गच्चीवर; वन्संचे गुडघे गेलेत, गच्चीपर्यंत तीन जिने. त्या ह्यांच्याशी चकार शब्द बोलत नाहीत, पण हात धरून चढतात. वर हे खुर्ची मांडतात. फोन येतो.

"एवढे जिने चढलीस, आई? सोबत कोण आहे?"

"कोणी नाही," वन्सं सांगतात.

हे खुर्ची धरून उभे असतात.