पोरींसंगं जाणारी गिरजाबाई

नवरा गेल्याच्या पुढच्याच वर्षी गिरजाबाई भंडाऱ्याच्या एका कॉलेजात शिपाई म्हणून लागली. तासाची घंटा द्यायची, रांजण भरायचे, मुलींची खोली झाडायची, एवढंच काम तिला सांगितलं होतं. बास्केटबॉल हा शब्द तिच्या कानावर पडला तो बहात्तर साली. पीटीचे सर लक्ष्मणराव यांनी मैदानाच्या दोन टोकांना सागाचे खांब पुरले, त्यांवर फळ्या ठोकल्या, फळ्यांना लोखंडी कड्या लावल्या आणि मुलींचा संघ काढला. विद्यापीठाच्या स्पर्धेत तेव्हा मुलींचे जेमतेम चार-पाच संघ उतरत. त्यात आपलाही असावा, ही सरांची हौस.

मुली मिळाल्या, पण त्यांना नागपूरला धाडायला आईबाप तयार होईनात. मास्तराबरोबर पोरी परगावी मुक्कामाला जाणार, हे कोणाच्या पचनी पडेना. शेवटी प्राचार्यांनी तोड काढली, की गिरजाबाई सोबत जाईल. विधवा बाई, पोक्त, पदरात एक मुलगी. आईबापांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. गिरजाबाईला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून दिवाळी सरली की तिचं बिऱ्हाड एसटीत. नागपूर, वर्धा, चांदा, अमरावती. ज्या कॉलेजात स्पर्धा, तिथल्याच एखाद्या वर्गात बाकं सरकवून सतरंज्या टाकायच्या आणि पोरी मोजून घेऊन दाराशी गिरजाबाईनं अंग टाकायचं. कपडे बदलायला जागा नसे, म्हणून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ती चादर धरून उभी राही. एकेक पोरगी चादरीआड जाई आणि सलवार उतरवून अर्ध्या चड्डीत बाहेर येई. सगळ्यांचं होईस्तोवर गिरजाबाईचे हात भरून येत. खेळातलं तिला फारसं उमगत नसे. तिची नजर कुंपणाकडे लागलेली असे, तिथं कोण पोरं उभी आहेत नि काय बोलताहेत.

संघ वाढत गेले. दुपारपर्यंत उरकणारी स्पर्धा तीन-चार दिवस चालू लागली, पेपरात जिंकणाऱ्यांची नावं येऊ लागली. कॉलेजात कौतुक होई, हारतुरे येत. स्पर्धा लांबली तसा गिरजाबाईचा मुक्कामही लांबला.

घरी तिची मुलगी चंद्रकला एकटी. मॅट्रिक झाली होती, आईच्याच कॉलेजात शिकायचं म्हणत होती. पण आई सारखी बाहेर, पोरगी वयात आलेली. शेजारपाजार बोलू लागला. अशात धाकटा दीर ताराचंद मोहाडीचं स्थळ घेऊन आला. त्या दिवशी गिरजाबाई अमरावतीहून उभ्यानं प्रवास करून आली होती, पाय सुजून घागरीएवढे झाले होते. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. तिनं हो म्हटलं.

लग्नाआधी चंद्रकलानं एकदाच तोंड उघडलं.

"लोकाइच्या पोरी तू खेळाले नेल्या, आई. मले कॉलेजात बी नाही धाडलं."

गिरजाबाईनं चुलीतली लाकडं मागे ओढली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

पुढं अठ्ठ्याहत्तर साली करडी गावची देवका संघात आली. बाप श्यामराव धानाचा शेतकरी. पोरगी बांबूसारखी उंच, रोवणी-कापणी करून मनगटं घट्ट झालेली. दुसऱ्याच वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि भोपाळच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचं बोलावणं आलं. कॉलेजातलं कोणी आजवर तिथवर पोचलं नव्हतं. श्यामरावांनी मात्र साफ नकार कळवला. मग नेहमीप्रमाणे गिरजाबाईला करडीला पिटाळण्यात आलं.

खळ्यात बैल फिरत होते, धानाचं चुरणं चाललं होतं. ती खळ्याच्या कडेला टेकली, पाणी प्याली. श्यामरावांनी बैल थांबवले नाहीत. बराच वेळ फेरे घालून झाल्यावर ते जवळ आले.

"बाई, तुमी जाऊन राहिल्या काय तिच्यासंग?"

"मी आहो न," गिरजाबाई म्हणाली.

"तं मंग न्या."

भंडाऱ्याला परतल्यावर तिला कळलं, की विद्यापीठाच्या संघाला स्वतंत्र बाई व्यवस्थापक आहे, कॉलेजचं कोणी जायचं नाही. लक्ष्मणरावांनी समजूत घातली. करडीहून भोपाळला बघायला कोण येणार, म्हणाले, बापाला सांगायचं, तुम्ही होता म्हणून. गिरजाबाईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली.

ज्या गाडीत देवका संघाबरोबर बसली, त्याच गाडीच्या जनरल डब्यात गिरजाबाई शिरली. बसायला जागा नव्हती. संडासाच्या दाराशी गाठोड्यावर बसून ती इटारसी ओलांडून गेली. भोपाळला मुलींच्या वसतिगृहात तिला कोणी आत घेतलं नाही, तिचं नावच कुठं नव्हतं. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत पथारी टाकून ती सकाळी विचारत विचारत मैदानावर पोचली आणि दोरीबाहेर गवतावर बसली. थंडी अशी, की दातावर दात वाजत होते.

देवकाला ती दिसली तेव्हा पोरगी सराव सोडून धावत आली.

"मावशी! तू कायले आली?"

"तुया बापाले बोलली होती."

देवका तिथंच उभी राहिली. मग कोणीतरी हाक मारली, तशी गेली.

सामना दहाच्या सुमारास सुरू झाला. हरला तो संघ घरी, असा नियम. समोरच्या मुली उंचीनं देवकाएवढ्याच, पायात नवे बूट, एकमेकींना न पाहता चेंडू देत होत्या. देवकाला दुसऱ्या हाफात उतरवलं. ती धावली, पडली, उठली. ऊन नीट तापायच्या आत तिचा संघ हरून मोकळा झाला.

देवका गवतावर येऊन बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडू लागली. इतक्या लांब येऊन हारलो, असं काहीसं बोलत होती. गिरजाबाईच्या मनात आलं, बापाच्या खळ्यावर दिलेला शब्द, डब्यातली ती रात्र, ही थंडी, सगळं कशासाठी तर चाळीस मिनिटांच्या धावपळीसाठी. तिला त्या पोरीचा रागही आला नाही नि कीवही आली नाही. तिनं देवकाचा बूट काढला, टाचेचा फोड पाहिला.

"जेवली काय?" तिनं विचारलं.

परतल्यावर तिनं स्वतः देवकाला करडीच्या दारात नेऊन सोडलं. आपण कुठं बसून गेलो हे तिनं सांगितलं नाही, पण वाटेत देवकानं ते तिच्याकडून काढून घेतलं होतं, तिनं सांगितलं. ते गावात पसरलं, गावातून पंचक्रोशीत. पुढच्या हंगामात मुली आपणहून येऊ लागल्या, कारण आईबाप म्हणत, गिरजाबाई नेत असंल तं जाय. लक्ष्मणराव खूश झाले. त्यांनी एकाऐवजी दोन संघ काढले, आणि गिरजाबाईच्या वाट्याला दुप्पट पोरी आल्या.

विद्यापीठाकडून खेळलेली म्हणून देवकाला लाखांदूरच्या शाळेत पीटीची नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत ती गिरजाबाईला लुगडं घेऊन आली. गिरजाबाईनं ते घेतलं, तिला चहा पाजला, आणि ती गेल्यावर पाय वर करून पडून राहिली.

पंच्याऐंशी साली स्पर्धा कॉलेजच्याच मैदानावर भरली. सागाचे खांब जाऊन सिमेंटचं मैदान आलं होतं. मांडव, कर्णा, वीसावर संघ. कितीतरी बाप लुनावर पोरींना घेऊन आले आणि स्वतःच थांबले. मुली अर्ध्या चड्ड्यांवर बाजारात चहा प्यायला जात होत्या नि कोणी वळूनही पाहत नव्हतं. गिरजाबाई दिवसभर पाण्याच्या बादल्या वाहत होती.

जिंकलेला संघ पुढं चांद्याला जाणार होता. नव्या प्राचार्यांनी तिला बोलावून तयारी करायला सांगितलं.

"मायाच्यानं आता नाही होत, साहेब," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं नाही म्हटलेलं हे पहिलंच. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त बरं म्हणाले. नव्या प्राध्यापिका जाणारच होत्या. तिला सांगितलं ते रीत म्हणून.

चार दिवसांची रजा घेऊन ती मोहाडीला गेली. कापणीच्या दिवसांत लेकीच्या घरी ती कधी गेलीच नव्हती. चंद्रकला पेंढ्या रचत होती. आईला पाहून तिनं हात झटकले.

"यंदा नाही गेली?"

"नाही."

"काहून?"

"थकली, बाई."

चंद्रकलानं अंगणात उन्हाला खाट टाकली, उशाला गोधडीची घडी दिली आणि पोरांना दमात घेतलं, की इकडं गलका करायचा नाही. गिरजाबाई झोपली. जाग आली तेव्हा ऊन तलावाच्या पारीखाली, बांधाआड उतरत होतं. सवयीनं पोरी मोजायला तिनं मान वर केली. अंगणात धानाच्या पेंढ्या होत्या, त्यांच्या पलीकडे चंद्रकला पाठमोरी वाकली होती.

गिरजाबाई तिच्या कामाला हात लावायला उठू पाहत होती.

"पडून राय," चंद्रकला मागे न पाहता म्हणाली.