थोरलीने भरलेले डोळे

गुलाबाच्या रोपवाटिकेत त्या दोघी बहिणींना कुणी नावाने हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स. थोरली जंगली गुलाबाच्या खुंटाला छेद देई, साल अलगद उचली आणि चांगल्या जातीच्या फांदीवरून काढलेला डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, आत सरकवी; यालाच डोळे भरणं म्हणत. धाकटी त्यावर पट्टी आवळी. "मी लग्न लावते, तू गाठ बांध," थोरली म्हणायची आणि स्वतःच हसायची.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली. धाकटी कामावर परतली तेव्हा बायका तिच्याभोवती जमल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांचेच डोळे वाहत होते. हिचे कोरडे ठणठणीत. अंगावरून कुणीतरी जाड घोंगडी टाकावी, तसं सगळं दुरून ऐकू येत होतं.

थोरलीने शेवटी भरलेला वाफा आता शेंडे छाटण्याजोगा झाला होता. डोळे हिरवे होते, म्हणजे जीव धरला होता. पण वरचा जंगली शेंडा जोरात वाढत असला की खालचा डोळा नुसता झोपून राहतो.

"हा वाफा दुसऱ्या कुणाला देते," मुकादमबाई म्हणाल्या.

"नको. करते मी."

कात्री चालवत ती शेवटपर्यंत गेली. काही दिवसांनी डोळे फुगले, फुटले, त्यांतून लालसर, मऊ कोंब वर आले. एरवी हे बघायला दोघी सकाळी धावत यायच्या. धाकटीने नुसतं पाहिलं. खुंटावर डोळ्याच्या खालून निघालेले जंगली फुटवे तेवढे मुळापासून ओढून काढले; ते राहिले तर सगळा जोर तेच खातात.

कोंबांच्या टोकाला कळ्या धरल्या, त्या सुमारास थोरलीचे यजमान, भाऊजी, आले. थोरलीचा डबा आणि कामाचा अंगरखा न्यायला.

"तिच्या हातचं एखादं रोप मिळेल?" त्यांनी विचारलं.

तिने मुकादमबाईंना विचारून एक भरदार रोप मातीसकट पिशवीत काढून आणून दिलं. भाऊजी कळीकडे एकटक बघत राहिले.

"पहिली कळी ठेवायची नाही," ती म्हणाली. "ती खुडली की खालून फांद्या फुटतात."

"माझ्याने नाही व्हायचं ते."

तिने हात पुढे केला आणि नखाने कळी खुडली. भाऊजींचा चेहरा उतरला.

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

तिने खरोखरच आत चाचपून पाहिलं.

"नाही, भाऊजी. अजून नाही."

मग त्यांनीही जास्त ताणलं नाही. रोप कडेवरच्या पोरासारखं धरून ते फाटकाबाहेर गेले.

पुढे धाकटी डोळे भरायलाही शिकली. पहिले बरेचसे काळे पडले. साल उचलताना तिचा हात जड पडे. नंतर जमू लागले. एका दुपारी भाऊजींचा फोन आला. रोपाला खुडलेल्या कळीच्या खालून तीन फांद्या फुटल्या होत्या, पण पानांवर पांढरी भुकटी दिसत होती.

"उन्हात ठेवा. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको."

"बरं. आणि तू? जेवलीस का?"

"बसतेच आहे."

फोन ठेवून तिने हात धुतले आणि डबा उघडला.