जोडीतला भोपळा

मिरजेच्या तंबोरेवाल्या चाचांनी मला काय दिलं ते आधी लिहितो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःचीच बाजू मांडायला लागेन, मला माझी खोड माहीत आहे. चाचांनी मला एक भोपळा दिला. आणि पुण्याच्या बाईंनी, ज्यांच्या हाताखाली मी फिल्म करायला शिकलो त्यांनी, माझ्यावर विश्वास टाकला. दोन्हींचं मी काय केलं ते आता सांगतो.

मी फलटणकडचा. सातवीत शाळा सोडली, तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरलो आणि विशीत सांगलीच्या एका थेटरात मशीनवर लागलो. तिथंच फिल्म सोसायटीचा महोत्सव भरायचा. एका वर्षी त्यांनी ठरवलं, पाच नवख्यांना एकेका जाणत्या माणसाच्या हवाली करायचं, कॅमेरा आणि थोडी रिळं द्यायची, आणि पुढच्या महोत्सवात त्यांनी केलेल्या छोट्या फिल्म दाखवायच्या. अर्जात शिक्षणाचा रकाना होता. तो मी कोरा ठेवला. बाईंचे केस संकलनाच्या खोलीतच पांढरे झालेले. त्यांनी अर्ज उलटसुलट बघितला. म्हणाल्या, "काल खेळ चालू असताना फीत तुटली, ती जोडणारे तुम्हीच ना? मला हे चालतील." बाकीचे चौघे कॉलेजातले होते. मला तोवर 'तुम्ही' कुणी म्हटलं नव्हतं.

मी तंबोऱ्यावर फिल्म करायची ठरवली. चाचांच्या दुकानात छपराला सुकलेले भोपळे टांगलेले असायचे. भोपळा कापला की त्याचा तंबोरा व्हायला सुरुवात होते, म्हणून तो कापतानाचा शॉट मला पाहिजेच होता. कॅमेरा चावीचा. चावी पुरी दिली तर जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. त्या दिवशी सकाळी मी चावी दिली, दुकानाची पाटी घेतली, आणि परत चावी द्यायची विसरलो. चाचांनी करवत लावली. अर्ध्यावर कॅमेऱ्याची घरघर मंदावली आणि थांबली. चाचा कापतच राहिले. भोपळ्याची टोपी सरळ, सुबक निघाली, आणि माझ्याकडे तिचा निम्मा शॉट.

खरं बोलायला काय झालं होतं? पण बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. शाळा न शिकलेलं पोरगं चावी द्यायला विसरलं, हे सांगलीला कळलं असतं तर? मी म्हणालो, "चाचा, मधी ढग आला. परत घ्यावं लागंल."

चाचांनी उंबऱ्याकडे बघितलं. तिथं लख्ख ऊन पडलं होतं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. म्हणाले, "बरं. दुसरा घेऊ."

ते खालचा एक लहानसा उचलायला लागले. मीच म्हणालो, "आवं, त्यो पडद्यावर दिसायचा न्हाई. वरचा घ्या की."

"त्यो जोडीतला हाय. एकसारखे दोन लय हुडकून मिळत्यात. एका गाणाऱ्या बाईंची तंबोऱ्याची जोडी करायचीय."

मी कॅमेऱ्याला चावी द्यायला लागलो. नको म्हणालो नाही. त्यांनी तो उतरवला. शिवाय मी त्यांना दाराकडे तोंड करून बसायला लावलं, त्यांचा हात नीट दिसावा म्हणून. तशी बसायची त्यांना सवय नव्हती. करवत तिरपी गेली, टक्कन आवाज झाला आणि चीर पार पोटापर्यंत उतरली. चाचांनी चिरेवरून बोट फिरवलं. कॅमेरा चालू होता. या खेपेला मी चावी पुरी दिली होती.

रिळं मुंबईहून धुऊन आली. बाईंनी दोन्ही शॉट संकलनाच्या मशीनवर दोनदा फिरवले. "पहिला मध्येच का थांबला?"

त्यांच्यापुढं ढग चालणार नव्हता. सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत, त्यानं जास्त लागलं. "दुसरा शॉट तुमच्या फिल्ममधला सगळ्यात चांगला आहे. ते बोट, तो चेहरा. पण मिरजेला जा, त्यांना खरं काय ते सांगा, आणि मग विचारा ठेवू का म्हणून. नाही म्हणाले तर काढायचा."

गेलो. चाचा तारा लावत बसले होते. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं, तोंडातून निघालं ते भलतंच. "चाचा, त्यो फुटल्याला भोपळा पिच्चरमधी ठेवू का?"

"ठेव की. भोपळा तर गेलाच, पिच्चर तरी हुदे."

मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून चाचा म्हणाले, "तुझी घरघर बंद पडली तवाच कळलं हुतं मला. जन्म सूर लावण्यात गेलाय, गड्या. ढग कसला?"

मी वळून हसलो. कसनुसा. माफ करा एवढंही म्हणालो नाही.

बाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

मी म्हणालो, "हो."

महोत्सवात चिरेच्या त्या शॉटला थेटर चिडीचूप झालं. त्याच फिल्मच्या जोरावर मला दिल्लीत संकलनाचं काम मिळालं. चाचा मागच्या रांगेत बसले होते. बाहेर मला म्हणाले, "समदं बेस हाय. पर तंबोरा मुका का रं?" आवाज टिपायचं यंत्र आम्हाला मिळालं नव्हतं. आणि जोडीतला दुसरा भोपळा तेव्हाही छपराला एकटाच लोंबत होता.

आता दिल्लीत दिवसभर दुसऱ्यांचे शॉट जोडतो. कुठला शॉट मध्येच तुटला की वाटतं, समोरच्याला काय सांगितलं असेल? इथल्या मंडईत मोठा भोपळा दिसला की दोन्ही हात त्याच्याभोवती धरून बघतो. दुकानदार हसतात. तो खायचा भोपळा, तंबोऱ्याच्या मापाला कमीच भरतो. तरी हात जातातच.

बाई, त्या दिवशी मी 'हो' म्हणालो ते खोटं होतं. हा कागद आधी तुम्हालाच पाठवतो.

आणि चाचा, तुमच्या त्या एकट्याला जोडीदार मी हुडकून आणीन. कधी ते आज सांगता येत नाही, पण आणीन. जोडी लागली की आवाजाचं यंत्र घेऊन दारात येईन. तेव्हा आधी तुम्हाला तोंडानं सांगेन, ढग आला नव्हता. कॅमेऱ्याला चावी मग देईन.