टाकबाईच्या हातची पाच नावं

कचेरीत तिला सगळे टाकबाई म्हणायचे. इतरांची बोटं कीबोर्डवर चालायची आणि हिच्या पुढ्यात टाक, दौत. शिक्षणसंस्थेच्या पदव्यांवर विद्यार्थ्यांची नावं हातानं लिहायची, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. घरी आली तरी तेच. जेवण उरकलं की ही कागद पसरून बसणार. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे खाली मान घालून तासन्‌तास बसण्याचं त्या घरात कुणाला नवल नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं मनाचा हिय्या केला आणि नोकरी सोडली. एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. दुकानांच्या पाट्या, मानपत्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, मिळेल ते लिहायचं ठरवलं. निरोपाच्या दिवशी हेडक्लार्कनं तिच्या सरावाच्या जुन्या वह्या कचेरीतच ठेवून जायला सांगितलं, आठवण म्हणून. हा माणूस एकोणीस वर्षांत एकदाही तिच्या अक्षराला बरं म्हणाला नव्हता. तिला ते चमत्कारिक वाटलं. वह्या तिनं पिशवीत भरल्या आणि घरी आणल्या.

चौथ्या महिन्यात दोन गृहस्थ खोलीवर आले. पाटी करायची आहे म्हणाले, पण दुकान कसलं ते सांगेनात. एकच नाव त्यांनी तिच्याकडून सात वेळा लिहून घेतलं, भिंग लावून पाहिलं, कागदाची घडी खिशात घातली आणि गेले. चहालाही थांबले नाहीत. त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली. पुढच्या आठवड्यात छापखानेवाल्यानं मुखपृष्ठाचं काम परत मागितलं, कारण विचारलं तर "बघू पुढं" एवढंच. ती जिना उतरू लागली की खाली शिंप्याच्या दुकानातलं बोलणं एकदम थांबायचं.

मग चौकशीची नोटीस आली. परीक्षेला कधी न बसलेल्या पाच जणांकडे पदव्या सापडल्या होत्या आणि पाचही नावं टाकबाईच्या अक्षरात होती.

नवऱ्यानं नोटीस दोनदा वाचली. अक्षराची नक्कल कुणीही करू शकतं, सरळ कानांवर हात ठेव, असं त्याचं मत पडलं. हे तू केलंस का, असं मात्र त्यानं विचारलं नाही. विचारलं नाही, हेच तिला जास्त लागलं. विश्वास आहे म्हणून विचारत नाही, की उत्तराची भीती वाटते म्हणून? भाजी चिरता चिरता ती त्याच्या पाठीकडे बघत राहायची.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पाटीच्या निमित्तानं आलेले ते दोन गृहस्थही तिथं बसले होते. हेडक्लार्क फायली घेऊन कडेला बसला होता, मान वर करत नव्हता. पाच पदव्या तिच्यापुढे मांडल्या गेल्या. तिनं एकेक उचलून उजेडात धरली. 'ळ'चा दुसरा फुगवटा पहिल्यापेक्षा किंचित खाली उतरलेला. शिरोरेघ शेवटी ओढलेली, टोकाशी हलका दाब. शंकेला जागाच नव्हती.

"ही नक्कल नाही," ती म्हणाली. "अक्षर माझंच आहे."

हेडक्लार्कनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

मग तिनं पिशवीतून वह्या काढल्या. पदवीवर लिहिण्याआधी प्रत्येक नाव ती वहीत एकदा लिहून बघायची, ओळीत कसं बसतंय त्याचा अंदाज यावा म्हणून. आणि ज्या चिठ्ठीवरून नावं घेतली ती शेजारी चिकटवून ठेवायची. पाचही नावं दोन चिठ्ठ्यांवर निघाली. इतर नावांच्या मधे, वेगळ्या शाईत, दाटीवाटीनं घुसडलेली. ते तिरकं खरडलेलं अक्षर कुणाचं हे टेबलाभोवतीच्या एकालाही विचारावं लागलं नाही.

चौकशीच्या प्रमुख बाईंनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "शाई वेगळी दिसत होती. ही माणसं कोण, असं कधी विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मी नावाची लांबी बघायचे," ती म्हणाली. "माणूस नाही बघितला."

हेडक्लार्कची नोकरी गेली, पोलिसांत तक्रार झाली. टाकबाईचा दोष नाही असं पत्र तिला मिळालं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलंच, "तुम्हाला वाटलं होतं का, मी केलं असेल?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "दोन दिवस वाटलं होतं," तो म्हणाला. "मग लाज वाटली."

तिला राग आला आणि हायसंही वाटलं.

काम हळूहळू परतलं. छापखानेवाला काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं नवं मुखपृष्ठ घेऊन आला; तिनं आधी अख्खं पुस्तक वाचायला मागितलं. आज तिचं घर अक्षरांवरच चालतं. पदव्या आणि प्रमाणपत्रं मात्र ती लिहीत नाही. परवा एक दातांचा डॉक्टर पाटी करून घ्यायला आला, तर तिनं त्याची पदवी बघायला मागितली. तो आधी हसला, मग चिडला, मग आणतो म्हणून गेला. अजून आलेला नाही.