कंबरेच्या गोळीनं आलेला थकवा

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या कॉलनीत टँकरनं पाणी यायचं आणि नव्या रस्त्यांसाठी सगळीकडं खोदकाम चालू होतं. त्यातच माझी स्कूटर घसरून कंबर दुखावली. डॉक्टरांनी दिलेली अफूच्या जातीची गोळी मी दोन वर्षं घेत राहिले. दुखणं थांबलं, पण शाळेत शिकवताना फळ्यापाशी उभं राहायचंही त्राण उरेना. साधा ताप आला तरी मी आठवडाभर आडवी व्हायचे.

नवरा म्हणायचा, "ऊन बाधलंय. सगळं शहरच थकलंय."

मलाही ते खरं वाटायचं. मग एका सकाळी टँकरपाशी मी चक्कर येऊन कोसळले. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं.

त्या म्हणाल्या, "ताई, या गोळीमुळं मेंदूचा निरोप मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत नीट पोचत नाही. ताण झेलायला लागणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तुमच्यात फारच कमी बनतंय. पण गोळी एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू."

तोवर ती उणीव भरायला त्यांनी दुसरं औषध दिलं. सहा महिन्यांनी गोळी सुटली, अंगात बळ आलं आणि कंबरही पुन्हा दुखू लागली.

"लई दुखतं का?" नवऱ्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले, "पण उठता येतंय."