फोनच्या तारेवरचा दुसरा माणूस

तो तपास मी अजून विसरलेलो नाही. नाशकात इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि मी पंचवटी भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

मखमलाबादकडच्या फूलशेती करणाऱ्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. सोबत त्यांचा धाकटा दीर होता. काही महिन्यांपूर्वी पहाटे फुलं घेऊन बाजाराला निघालेल्या त्यांच्या नवऱ्याला एका जीपनं उडवलं होतं. जीप क्षणभर थांबली आणि निघून गेली. बाई नवऱ्यासोबतच होत्या; चालकाचा चेहरा फक्त त्यांनी पाहिला होता. चालक पकडला गेला, खटला उभा राहिला आणि बाईंना धमक्यांचे फोन सुरू झाले.

"हिंदीत बोलतो, साहेब. तोंडावर फडकं धरल्यासारखा आवाज. साक्ष दिली तर पोरीला उचलू म्हणतो."

"आणखी काही ऐकू येतं?"

"मधेच टीप टीप टीप वाजतं. मग शिवी देऊन ठेवून देतो."

दीर म्हणाला, "वहिनी, साक्षीचा नाद सोडा. गेलेला माणूस परत येणार नाय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी टेलिफोन खात्याला पत्र दिलं आणि बाईंचा फोन निरीक्षणाखाली ठेवला. संध्याकाळी पुढचा फोन आला तसा क्रमांकही हाती आला. तो पंचवटीतल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या कॉम्प्युटर क्लासचा होता. चालवणारा इंजिनिअर झालेला, सरळ दिसणारा माणूस. मी त्याला ठाण्यात बोलावलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण उत्तर बदलत नव्हतं.

"मी त्या बाईंना ओळखतही नाही. आणि त्या वेळी मी फोन करणार कसा? संध्याकाळी माझी लाइन मोडेमवर असते."

"म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं, साहेब. फोनची तार घातलीय माणसाचा आवाज न्यायला. मोडेम त्या आकड्यांचा आवाज करून तारेवर सोडतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. तेवढ्यात त्याच तारेवर कुणी दुसरा रिसीव्हर उचलला, तर आवाज बिघडतो आणि कनेक्शन तुटतं. हल्ली संध्याकाळी सारखं तुटतंय. मी तक्रार पण केलीय."

"तुटल्यावर काय करता?"

"काही नाही, मोडेम परत नंबर फिरवतो. टीप टीप टीप."

मी खुर्चीत सरळ झालो. बाईंनी हाच आवाज सांगितला होता. धमकी देणारा स्वतःच्याच बोलण्यात मोडेमला नंबर फिरवायला लावणार नाही. म्हणजे त्या तारेवर दोघं होते, आणि त्यातला एक या माणसाला ठाऊकच नव्हता. फोनच्या तारांची पेटी इमारतीच्या जिन्याखाली होती. कुलूप नावापुरतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या वेशातला एक हवालदार समोरच्या किराणा दुकानात उभा केला आणि मी क्लासमध्ये कॉम्प्युटरपुढे बसलो. मोडेम किंचाळून जोडला गेला, मग शांत झाला. बराच वेळ काही घडलं नाही. अचानक पडद्यावर कनेक्शन तुटल्याचा संदेश आला. मी जिना उतरलो.

पेटीपाशी एक माणूस रिसीव्हर कानाला लावून उभा होता. रिसीव्हरच्या दोन तारा चिमट्यांनी पेटीतल्या तारांना लावलेल्या, तोंडापुढे रुमाल. हवालदारानं त्याचा हात धरून रुमाल खाली ओढला. बाईंचा दीर होता. इमारतीतल्या वायरिंगची कामं तोच करायचा, हे तिथे कळलं.

पंचांसमोर पंचनामा झाला. ठाण्यात तो आधी म्हणाला, वहिनीला कोर्टकचेरीचा त्रास नको म्हणून केलं. मी विचारलं, "मग पोरीला उचलायची भाषा कशाला?" मी घाई केली नाही. चहा मागवला. त्याच्यापुढे तो तसाच निवत राहिला.

शेवटी दीर म्हणाला, "मी गाडीत होतो."

पहाटेपर्यंत तो आणि चालक प्यायले होते. चालकाच्या शेजारी, बाईंना न दिसलेल्या बाजूला, तोच बसला होता. चालकाला शिक्षा झाली तर तो आपलं नाव घेईल, ही भीती.

हे बाईंना सांगायला मी स्वतः गेलो. त्या ओसरीवर शेवंती निवडत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी हातातलं फूल टोपलीत ठेवलं. मग म्हणाल्या, "गाडीनं उडवल्यावर हे जित्ते होते, साहेब. मी लय ओरडले. त्याला ऐकू गेलं असंल?"

हा प्रश्न मी त्याला चौकशीत विचारला होता.

"हो," मी म्हणालो.

कोर्टात बाईंनी दोघांविरुद्ध साक्ष दिली. वकिलानं विचारलं, दिरावर राग आहे म्हणून सांगता का? त्या म्हणाल्या, "राग हाय. पण जे पाहिलं, जे ऐकलं तेच सांगते."

क्रमांक हाती आला त्या दिवशी मी क्लासवाल्याला आत टाकू शकलो असतो. कागदावर ते योग्यच दिसलं असतं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना सांगत आलो, पुरावा कुठून आला ते कळतं, कुणी पाठवला ते शोधावं लागतं. आणि खरं कळल्यावर ते ज्याचं आहे त्याला तोंडावर जाऊन सांगावं लागतं. नोकरीतलं ते सगळ्यात जड काम होतं, आणि ते मी कधी शिपायाकरवी केलं नाही.