नळ गावाच्या मधोमध

प्रफुल्ल वानखडेला हल्ली कुणी 'ग्रेट वर्क' म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसांत हे दोन शब्द तर येताजाता फुकट वाटले जातात.

तिथल्या एका कन्सल्टन्सीत तो पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होता. युरोपातली एक मदतसंस्था पैसा द्यायची, आराखडे सिंगापुरात व्हायचे आणि नळ लागायचे थेट पश्चिम आफ्रिकेत, उत्तर घानातल्या खेड्यांत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तरी प्रफुल्ल निदान उंटावरून खाली उतरला होता. साकपेली नावाच्या गावात जाऊन राहिला होता, लोकांच्या बैठकीत बसला होता. घोटाळा झाला तो तिथेच.

प्रफुल्लचं एक तत्त्व होतं आणि ते त्याला कुठल्या कॉलेजात मिळालं नव्हतं. त्याचे वडील यादवराव, वाशीमकडच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आता सिंगापुरात वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये त्याच्याकडेच राहत. लहानपणी ते वरच्या आळीतल्या विहिरीपाशी कळशी घेऊन उभे राहायचे. कुणीतरी यावं, लांबून पाणी ओतावं, मग घरी जावं. ही गोष्ट ऐकत प्रफुल्ल मोठा झाला आणि त्यानं मनाशी ठरवून टाकलं: पाणी नेहमी गावाच्या मधोमध हवं. कुणाच्या दारात नको.

साकपेलीत दोन वस्त्या, एक वरची, एक खालची. दवाखान्यातली नर्स अयिशेतू पाणीसमितीची प्रमुख होती. ती बैठकीत म्हणाली, नळ दवाखान्याजवळ बसवा. दवाखाना कुठे? वरच्या वस्तीत. झालं! 'वरची वस्ती' एवढे दोन शब्द प्रफुल्लला पुरले. तो उठून उभा राहिला आणि दुभाष्यामार्फत त्यानं वडिलांची विहिरीची गोष्ट सांगितली. बायकांनी डोळे पुसले. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. दोन्ही वस्त्यांच्या मध्ये एक मोकळं मैदान होतं, तिथे टाकी आणि नळ बसवायचं ठरलं. एकानंही विरोध केला नाही. प्रफुल्ल इतका खूश होता की परतीच्या विमानात त्याला झोप लागली नाही.

नळ सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्यानं अयिशेतूला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, पाणी कसं आहे? ती म्हणाली, छान. पुन्हा विचारलं, पुन्हा छान. त्यानं फारच खोदून विचारल्यावर एका संध्याकाळी तिनं फोन केला. ते मैदान म्हणजे दोन्ही वस्त्यांची जुनी दफनभूमी होती. तिथे दगड नाहीत, खुणा नाहीत, पण कोण कुठे पुरलंय ते प्रत्येक घराला ठाऊक. त्या नळाचं पाणी गुरांना चालतं, मातीच्या विटा पाडायला चालतं. तोंडात कुणी घालत नाही. पोरं अजून तळ्याचंच पाणी पितात आणि जुलाब घेऊन दवाखान्यात येतात.

"मग बैठकीत का नाही बोललात?" प्रफुल्ल जवळजवळ ओरडलाच.

"तुम्ही पाहुणे होता. त्यातून वडिलांचं दुःख सांगत होता. त्यावर नाही कसं म्हणायचं?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "दवाखान्याची जागा खालच्या वस्तीनंच सुचवली होती. आमची सोयरीक आहे सगळी."

प्रफुल्लला आपल्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्याला दिसला होता तो वाद साकपेलीत नव्हताच. तो त्यानं वाशीमहून नेला होता.

चूक सुधारणं अवघड नव्हतं. गावाबाहेरच्या बोअरवेलपासून थेट दवाखान्यापर्यंत पाइप टाकायचा आणि तिथे नळ काढायचा, एवढंच काम. पण घोडं पेंड खात होतं ते ऑफिसात. त्याचा पुण्याचा बॉस चारुदत्त तसा भला माणूस, फक्त कुठलीही लाट आली की आधी स्वतःचे बूट उचलणारा.

"अरे, मीटर बघ ना," तो म्हणाला. "पाणी वाहतंय, म्हणजे लोक वापरतायत. आता पाइप हलवायचा म्हणजे पहिला नळ फेल गेला असं लिहून द्यायचं. प्रोग्रॅमचा हा टप्पा या महिन्यात क्लोज होतोय, प्रफुल्ल. कशाला नसतं लचांड?"

"मीटरला काय कळतं पाणी गाय प्यायली की पोर?"

"डोनरलाही नाही कळत. प्लीज, जाऊ दे."

प्रफुल्लनं मेल लिहिल्या, फोन केले, नकाशे काढले. प्रत्येक मेलला सभ्य उत्तर आलं आणि कुठल्याही उत्तरात पाइप नव्हता. शेवटची आशा होती ती समारोपाच्या बैठकीची. मदतसंस्थेच्या संचालकबाई स्वतः व्हिडिओवर येणार होत्या. काम मंजूर होणार तर त्याच दिवशी, नाही तर कायमचं राहिलं.

बैठक सिंगापूरच्या दुपारी होती. प्रफुल्ल घरूनच बसला. यादवराव सोफ्यावर पेपर वाचत होते. पडद्यावर एका चौकोनात चारुदत्त, एका चौकोनात अयिशेतू, तालुक्याच्या कचेरीत, इस्त्रीच्या गणवेशात.

संचालकबाईंनी साकपेलीचा फोटो दाखवला. खाली प्रफुल्लच्या वडिलांची गोष्ट, सुंदर अक्षरांत छापलेली. "या एका कल्पनेनं आम्हाला जिंकलं," त्या म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यातल्या सगळ्या गावांत नळ गावाच्या मधोमधच बसेल. ग्रेट वर्क!"

प्रफुल्लनं माइक चालू केला.

"ते पाणी कुणी पीत नाही," तो म्हणाला. "ती दफनभूमी आहे. मी लोकांना विचारलं नाही, मी भाषण दिलं. चूक माझी आहे. दवाखान्यापर्यंत पाइप टाका आणि पुढच्या गावांत मधोमध वगैरे काही ठरवू नका. आधी विचारा."

चारुदत्तनं कपाळाला हात लावला. मग बाई मृदू आवाजात म्हणाल्या, "आपण गावालाच विचारू या. अयिशेतू, लोक नळावर समाधानी आहेत ना?"

अयिशेतूनं क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हो, मॅडम. पाणी फार चांगलं आहे. मिस्टर प्रफुल्लनी आमच्यासाठी खूप कष्ट घेतले. ते स्वतःला उगाच बोल लावून घेतायत."

पडद्यावरचे सगळे चेहरे सैल झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बैठक संपता संपता अयिशेतूचा मेसेज आला आणि प्रफुल्लनं तो दोनदा वाचला.

"मी बोलले असते तर पुढच्या गावांचं पाणी गेलं असतं. तुमच्यावरही ठपका आला असता. आम्ही काय, तळ्यावर जाऊ. रागावू नका."

त्यानं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की यादवरावांनी पेपर खाली ठेवला.

"काय म्हणाली ती नर्सबाई?"

प्रफुल्लनं मेसेज मराठीत करून सांगितला. सांगताना त्याचा आवाज चिडका झाला. "मी खरं बोललो, बाबा! आणि तिनंच मला खोटं पाडलं. का? कशासाठी?"

यादवराव त्याच्याकडे वळून बसले.

"मी चौथीत असताना तालुक्याहून एक साहेब आला होता," ते म्हणाले. "चांगला माणूस होता. मला जवळ घेऊन विचारलं त्यानं, की विहिरीवर तुम्हाला पाणी मिळतं का रे? मी काय म्हटलं असेल?"

यादवरावांनी पेपर पुन्हा हातात घेतला.

"भेटते ना साहेब, म्हटलं. पानी भेटते."